घरचं गिऱ्हाईक

चष्मेवाल्यांना संगणकापेक्षा वही बरी वाटते, कारण वहीतली चूक नेहमी दुसऱ्याच्या अक्षरात असते. हे ओळखूनच मी त्यांच्यासाठी छोटा प्रोग्रॅम केला. गिऱ्हाइकाचं नाव, डोळ्यांचे नंबर, तपासणीची तारीख आणि वेळ, तक्रार. बस्स. पेन ड्राइव्हवरून सुटी प्रत द्यायची, ती दुकानातल्या संगणकावर एकटीच चालणार. इंटरनेट नाही, या दुकानाचा त्या दुकानाशी संबंध नाही. दुकानदार खूश. शेजाऱ्याची गिऱ्हाइकं दिसत नाहीत याचं दुःख होतं, पण आपली त्याला दिसत नाहीत हे समाधान मोठं.

परीक्षा घ्यायला घरी बायको होती. प्रोग्रॅमनं तारीख विचारली की ती 'परवा' लिहायची.

"असं कोण लिहितं?"

"मी. आणि तुझी गिऱ्हाइकं माझ्याहून शहाणी निघतील या भ्रमात राहू नकोस."

तिनं स्वतःचीही नोंद भरली. नाव: घरचं गिऱ्हाईक. दोन्ही डोळे उणे दीड. तक्रार: नवरा मान वर करून बघत नाही.

दीड महिन्यानं तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

प्रती वाटण्याआधी नमुन्याच्या नोंदी पुसायच्या असतात. मी बारांतल्या अकरा पुसल्या. बारावी, तिची, विसरलो, असं लोकांना सांगतो.

आठ दुकानांत आठ प्रती गेल्या. वर्ष होत आलं असेल, पहिल्या दुकानातल्या काकूंचा फोन आला.

"अहो, हे घरचं गिऱ्हाईक कोणाच्या घरचं?"

"नमुना आहे काकू, राहून गेला. काढून टाकतो."

"तुमचा नमुना आमच्याकडे डोळे तपासून गेलाय!"

जाऊन पाहिलं. जुन्या नोंदीखाली नवी होती, आठ महिन्यांपूर्वीची. चौदा तारीख, दुपारी चार दहा. उणे सव्वादोन. तक्रार: रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत. काकू म्हणाल्या, असं कोणी आलंच नव्हतं. मी विश्वास ठेवला. तक्रारीचा रकाना त्यांनी आजवर एकदाही भरलेला नव्हता, आळस.

मग बाकीची सात दुकानं पालथी घातली. "फुकट देखभाल" म्हटल्यावर एकानं विचारलं, "आधी काय बिघडवलंत ते सांगा." प्रत्येक ठिकाणी तिची एकच नवी नोंद. प्रती ज्या क्रमानं दिल्या त्याच क्रमानं, महिन्याला एक दुकान, चौदा तारीख, चार दहा. उणे सव्वातीन. उणे साडेचार. पायऱ्या दिसत नाहीत. उणे सात. आपलं दार कुठलं ते कळत नाही. आठव्या दुकानात उणे नऊ: विचारत विचारत चाललेय.

सगळे आकडे कागदावर उतरवून मी काकूंसमोर ठेवले. नाव लिहिलं नाही.

"एकाच माणसाचे? इतक्या झपाट्यानं?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "या नंबराला बिनचष्म्याचं माणूस चाचपडतं हो. सोबत कोणी आहे का तिच्या?"

तिच्या, असं मी म्हटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग बसलात काय? जा की तुम्ही!"

चौदा तारखेला पाच दिवस होते. नववं दुकान शोधलं, प्रोग्रॅम मोफत देऊ केला. मालक तिरसट होता, पण मोफतला त्याचंही मन विरघळलं. चौदाच्या सकाळी प्रत बसवली. बारावी नोंद तशीच ठेवून. आणि तपासणीच्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसलो.

"काम झालं ना?" मालक म्हणाला.

"पहिला दिवस आहे. काही अडलं तर असावं."

"अडलं तर फोन करीन की. इथे काय पाहुणचार मिळणार नाही."

दुपार झाली. गिऱ्हाईक नव्हतं. मालक काउंटरवर भिंगं पुसत होता, मधूनमधून माझ्याकडे बघत होता.

चार वाजून आठ मिनिटं.

दार उघडलं नाही. पण खुर्चीचं रेक्झिन हळूच दबलं, कोणी जपून बसावं तसं.

तिला हाक मारायची होती. नाव ओठांपर्यंत आलं.

मालक बघत होता. रिकाम्या खुर्चीशी बोलणारा माणूस त्यानं परत दुकानात घेतला नसता. मी खोकलोसुद्धा नाही.

चार दहा.

चार बारा. रेक्झिन सैल झालं.

"अहो, हे आपोआप काय भरलंय?" मालकानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

घरचं गिऱ्हाईक. नंबराच्या जागी आकडाच नव्हता, तिथे लिहिलं होतं: आता उपयोग नाही.

तक्रार: समोर कोणीतरी बसलं होतं. बोललं असतं तर आवाजावरून ओळखलं असतं.