माफीची चार हजार पत्रं

ईदला गावी निघालेल्या त्या बसमध्ये वेनिंगच्या मांडीवर आईसाठी घेतलेलं कोरं करकरीत बाटिक होतं, आणि शेजारच्या लांबड्या तरुणाच्या हातात कॉफी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पुढचं काय सांगायचं!

"डोळे आहेत की बटणं? रेडा आहेस, रेडा!"

सगळी बस वळून बघायला लागली. त्यानं मात्र रुमाल काढला आणि हळूच म्हणाला, "रेड्याचं नाव लांतिप. पुसू का… की अजून ओरडायचंय?"

हसू आलं मेलीला. पण दाखवेल तर ना! रुमाल तेवढा ओढून घेतला.

रस्त्यावर गाड्यांची अशी रांग, की जाकार्ताहून सालातिगाला यायला एकोणीस तास लागले. तेवढ्या वेळात केळीच्या पानातला भात अर्धा अर्धा झाला, शेंगदाण्यांची पुडी झाली… उतरताना त्यानं आपल्या कॉलेजचं कार्ड दिलं — तिथली सगळ्यांची ईमेल तोच सांभाळायचा. त्यावर नुसता ईमेल. बोटं बोटांना लागली — दोघांनीही लगेच काढली नाहीत.

ईदच्या सकाळी आमच्याकडे सगळे सगळ्यांची माफी मागतात. 'तनामनाने माफ करा' — शब्द ठरलेले, आजी-पणजीपासून तेच. वेनिंगनंही त्याच शब्दांनी सुरुवात करून रेडा म्हटल्याची माफी मागितली. आणि असल्या ताठ मानेच्या पोरीनं एरवी जे मेली तरी लिहिलं नसतं, तेही खाली लिहून टाकलं.

उत्तर नाही. दोन दिवस झाले, आठ झाले, सोळा झाले. शनिवारी तिची बोट होती, समुद्रापलीकडच्या बालिकपापनला, नव्या नोकरीवर. गुरुवारी ती थेट कॉलेजात जाऊन धडकली. हातात त्याचा रुमाल — धुतलेला, इस्त्री केलेला, तोंडावर फेकायला.

संगणकांच्या खोलीत लांतिप एकटाच होता. तिला बघून असा उठला, की खुर्चीच आडवी झाली. आमच्याकडे तरुण मुलीला मानानं 'म्बाक' म्हणतात, मुलाला 'मास'.

"म्बाक वेनिंग! अहो, मी रोज वाट बघतोय… एक ओळ तरी टाकायची होती."

"मी नाही टाकली?" रुमाल हातातच राहिला. "वा, मास लांतिप! अर्धा दिवस घालवून लिहिलं, आणि वर मलाच विचारता?"

तो स्क्रीनकडे वळला. काहीतरी शोधलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

"ईदला हजारो मेल येतात हो, सगळ्या सारख्याच. सगळं तुंबतं. म्हणून मी चाळणी लावली… 'तनामनाने माफ करा' दिसलं, की स्पॅम."

"कोणी लावली?"

"…मी."

"म्हणजे माफी कचरा? आणि हे ठरवणारे तुम्ही कोण? मशीनला अक्कल नसते, कबूल. तुम्हाला तरी आई आहे ना?"

अडवलेल्या पत्रांचा आकडा समोरच होता. चार हजार तीनशे बारा. पहिलीच ओळ कुणा म्हाताऱ्या मास्तरांची होती — बारा वर्षं न बोललेल्या भावाला. वेनिंग ती बघतच राहिली. तिचा राग आता एकटीचा उरला नाही.

"आधी ही सगळी सोडा. ज्याची त्याला पोचू देत. माझं शेवटी."

"तुमचं आधी बघू द्या ना…"

"रांग म्हणजे रांग! सोळा दिवस थांबले, अजून थोडं थांबते."

ती हाताची घडी घालून शेजारी बसली. तो शंभर शंभर पत्रं मोकळी करत होता, मधूनच घुसलेली लॉटरीची जाहिरात वेचून टाकत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्यानं न बघताच पुडी पुढे सरकवली.

"शेंगदाणे?"

"लाच नको." पण दोन उचलले.

शेवटी एकच पत्र राहिलं. त्यानं ते उघडलं. शेवटच्या ओळीवर त्याचे कान लाल झाले. 'अठरा दिवसांनी, शनिवारी, बोट सुटते. थांब म्हणालात, तर थांबेन.'

"थांब," तो पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं."

"थांब, वेनिंग."

"माझ्या कानालाही चाळणी लावलीय, मास. पहिल्या दोन वेळा आलेलं ती आत सोडत नाही…"

तो उठला. ईदला वडीलधाऱ्यांपुढे बसतात तसा गुडघ्यांवर बसला आणि हात जोडले.

"तनामनाने माफ कर. आणि थांब… माझ्यासाठी."

तिनं रुमाल त्याच्या तळहातावर ठेवला. बोटं बोटांना लागली. या वेळी काढलीच नाहीत.

शनिवारी बोट वेळेवर सुटली. येत नसल्याचं बालिकपापनच्या साहेबांना वेनिंगनं आदल्या दिवशीच कळवलं होतं — फोन करून. ईमेलचा काय भरवसा?