मापाची काठी

फवारणीचं विमान वारा उठायच्या आत उडवावं लागतं. त्यामुळे त्या सकाळी आमचे वैमानिक महाशय घाईत होते. तसे ते जन्मले तेही घाईतच असावेत. अक्कल मागेच राहिली.

"छोट्या, पेट्रोलच्या टाकीत काठी बुडवून बघ," ताई म्हणाली. धावपट्टीवर औषध आणि पेट्रोल भरायचं काम तिच्याकडे होतं.

"काटा अर्ध्यावर आहे, बास झालं. पेट्रोल कमी असलं की औषध जास्त मावतं."

"तो काटा अडकतो, ठाऊक आहे ना तुला?"

"दाजी रोज काठी बुडवायचे. एक दिवस विसरले, आणि विमानासकट तळ्यात स्वतःच बुडले!"

हे त्या बहाद्दराने दाजींच्या विधवेला, सख्ख्या बहिणीला ऐकवलं. खाचा पाडलेली ती काठी शेडमध्ये खिळ्यावरच राहिली. दाजी ती टाकीच्या तळाला दोनदा आपटत. टक-टक. पहिली टक तळ लागला म्हणून, दुसरी मेहुण्याला चिडवायला.

विमान पिकावर खाली झेपावलं, फवारत गेलं, वर उठून वळलं. शेताच्या टोकाला तेच तळं होतं, धुक्याखाली झाकलेलं.

टक-टक.

डाव्या पंखातल्या टाकीतून. इंजिनाच्या गडगडाटातही स्वच्छ.

"पंखाचा स्क्रू सैल झाला असेल," शहाणा पुटपुटला.

प्रत्येक वळणावर टक-टक. आधी आवाज दबका होता, भरल्या भांड्यात लाकूड टेकावं तसा. मग मोकळा होत गेला. चौथ्या वळणावर तो रिकाम्या डब्यासारखा कोरडा वाजला. काटा मात्र अर्ध्यावरच. बंद काचेच्या आत कुठूनसा शेवाळाचा वास आला...

"दाजी... मेल्यावर तरी पिच्छा सोडा की..." त्याने हसायचा प्रयत्न केला.

औषध अर्धं तसंच ठेवून तो परत फिरला. का, तर म्हणे ताईला सैल स्क्रूबद्दल झापायला! चाकं धावपट्टीला टेकली आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडलं.

ताई धावत आली. टाकीचं झाकण काढून तिने आत वाकून पाहिलं.

"कोरडी ठाक आहे रे..."

"काठी आण. मोजू दे."

ती शेडमध्ये गेली आणि दारातच थांबली. "छोट्या... काठी तू नेली होतीस?"

"मी कशाला नेऊ?" म्हणत तोही दारात आला.

काठी खिळ्यावरच होती. खालचं टोक ओलं, पेट्रोलचे थेंब गळत होते. पेट्रोल तर मिनिटात उडून जातं. ताईचे हातमोजे कोरडे होते.

त्यांच्या डोळ्यांदेखत ते टोक वाळलं. वरच्या टोकाला, जिथे मूठ धरतात तिथे, पाच बोटांचा ओला ठसा होता. त्याला तळ्याच्या गाळाचा वास होता.

तो ठसा दुपारच्या उन्हातही वाळला नाही.