चाल कुणाची?

या बाई, बसा. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. इकडे दिव्याजवळ बसा. पाणी घ्या आधी. जिन्यावर सतरंज्या कशाला अंथरल्यात, असं वाटलं असेल तुम्हाला. येणाऱ्या प्रत्येकालाच वाटतं. खालच्या चार पायऱ्या तेवढ्या उघड्या दिसल्या असतील. तिथली सतरंजी सकाळी धुवायला टाकून आलो, फार मळली होती. एरवी मी फोनवरच सांगतो, की बूट खाली काढा आणि मोज्यांवर वर या. तुम्हाला ते सांगायचं राहिलं.

तर तुमचा प्रश्न. नव्या चाली उरल्यात का? शाळेत गाणं शिकवता, स्वतः गाणी करता, आणि जे म्हणून सुचतं ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं निघतं. फोनवर बोलताना तुमचा आवाज रडवेला झाला, म्हणून या म्हटलं. माझं ते एक गाणं तुम्हाला पाठ आहे म्हणालात. मधे सगळं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तसली जागा एखाद्याला सुचतेच कशी, असंही विचारलंत. सांगतो. ऐकून तिरमिरीत उठून गेलात तरी मी रागावणार नाही.

तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो. मी, बायको आणि आमची छकुली. छकुली रांगत होती. मी जाहिरातींना चाली लावायचो. साबण, बिस्किटं, गाद्या, काय वाट्टेल ते. चाल ऐकवली की स्टुडिओचा मालक डोळे मिटून मान डोलवायचा आणि म्हणायचा, "छान आहे. मी आधी कुठं ऐकलीय ही?" वाईट याचं, की तो टोमणा मारत नसे. त्याला खरोखर आठवत नसे. मग घरी येताना वाटेत मला आठवायचं, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सूर ते किती, आणि माणसं गातायत कधीपासून! कुठूनही निघालो तरी पाय कुणाच्या ना कुणाच्या अंगणातच पडायचा. एकदा बायकोला म्हटलं, "संपल्या चाली. जगातल्या सगळ्या लावून झाल्या." ती छकुलीला भरवत होती. म्हणाली, "बरं झालं. मग आता भाजी तरी घेऊन या." आणि मी पिशवी घेऊन निघालो.

आमच्या डोक्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचे. पोस्टमनकाका. उभा जन्म चालण्यात गेलेला माणूस, त्याला बसवेना. रोज दुपारी जेवण झालं की ते आपल्या जुन्या वाटेनं निघायचे, घरातल्या घरात. पुढची खोली म्हणजे एक गल्ली, मधला बोळ म्हणजे दुसरी. प्रत्येक घरापाशी थांबायचे, नसलेलं पत्र नसलेल्या पेटीत टाकायचे आणि पुढं जायचे. काकू स्वैपाकघरातून विचारायच्या, "बाजारपेठ आली का? चहा टाकते मग." खांद्यावर थैली वागवून वागवून त्यांचा डावा पाय किंचित ओढला जायचा. खाली आम्हाला ऐकू यायचं, दोन ठोके, एक घसटा, पुन्हा दोन ठोके, मग गप्प. मग परत पहिल्यापासून.

वर्षभर मी त्या आवाजावर करवादत होतो. आणि एका दुपारी, कंटाळून कीबोर्डपुढं बसलो असताना, बोटं आपोआप त्या ठोक्यांवर पडायला लागली. घसट्याला सूर खाली सरकला. काका थांबले तिथं मी हात उचलला. अंगावर काटा आला हो. ही चाल कुणाचीच नव्हती. माझीही नव्हती, पण तेव्हा ते कोण बघतो?

खिडक्या लावून घेतल्या आणि ती पक्की करत बसलो. शेवटची ओळ जमली, तेव्हा कुठं ध्यानात आलं की वर सामसूम आहे. म्हटलं, पत्र टाकत असतील. बराच वेळ कान देऊन बसलो. ते काही पुढं निघाले नाहीत.

गाणं ध्वनिमुद्रित करताना एक झालं. त्या थांबण्याच्या जागेत बारीकसा 'खट' असा आवाज यायला लागला. पत्रपेटीची झाकणी पडल्यासारखा. ध्वनिमुद्रकानं वायरी बदलल्या, माइक बदलले, शेवटी कंटाळून मला बाहेर काढून बघितलं. आवाज जाईना. मालक म्हणाला, राहू दे, मजा येतेय. लोकांना तर तोच आवडला. तुम्हालाही आवडतो, हो ना?

गाणं गाजलं. रस्त्यात लोक हात करायला लागले. मीही जरा छाती काढून चालायला लागलो, खोटं कशाला बोलू? आणि एके दिवशी काकू दारात आल्या. म्हणाल्या, "जरा वर येता का? ह्यांना तुम्हाला बघायचंय."

काका पलंगावर होते. खोलीत औषधी तेलाचा उग्र वास कोंडला होता. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "पायांना काही झालेलं नाही म्हणतात डॉक्टर. ताकद आहे. ह्यांना म्हणे चालायचं कसं, तेच आठवत नाही."

काका छताकडं बघत बोलले, "कुठला पाय आधी टाकायचा... तेच सापडत नाही हो."

"थांबा, एक गंमत दाखवते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझं गाणं लावलं.

पांघरुणाखाली काकांचा डावा पाय हलला. ते उठून बसले. उभे राहिले. आणि चालायला लागले... दोन ठोके, एक घसटा, दोन ठोके. गाणं थांबलं तिथं ते थांबले, हात पुढं करून. पुन्हा निघाले. न्हाणीघरापर्यंत पोचले आणि गाणं संपलं. चौकट धरून ते तसेच उभे राहिले. परक्या गावात उतरल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. काकूंनी लगबगीनं गाणं परत लावलं.

"दिवसातून किती वेळा लावते, गणतीच नाही," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या गाण्यावर चालतात हो ते. देवासारखे भेटलात. तुमचे उपकार कसे फेडू?" आणि त्या माउलीनं माझ्यापुढं हात जोडले.

मी "अहो, असू दे, असू दे" म्हणालो. एवढंच म्हणालो मी, बाई.

काकांनी हात जोडले नाहीत. पलंगावर टेकल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "चाल कुणाची?"

"माझीच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. जिना उतरताना मला कळलं, त्यांनी काय विचारलं होतं ते. आपल्या बोलण्यात दोन्हीला शब्द एकच आहे ना! आयुष्यभर चाली लावून खाल्लं आणि ते मला एका जिन्यात उमगलं. तिथूनच परत फिरून वर जायला हवं होतं. मी खाली आलो आणि जेवलो.

नंतर देऊन बघितली मी ती परत. त्यांच्या उशाशी बसून उलटी वाजवली, मोडून वाजवली. घरी ती विसरायचा प्रयत्न केला. पण अख्ख्या गावाच्या तोंडी बसलेली चाल एकट्यानं विसरून काय होतंय? काका गेले ते अंथरुणातच. काकू भावाकडं राहायला गेल्या. जाताना छकुलीच्या हातात खाऊ देऊन गेल्या आणि मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुमच्या गाण्यानं साथ दिली हो." वरच्या जागेला कुलूप लागलं.

काही दिवसांनी, अशीच कलती दुपार. समोरच्या सलूनमध्ये रेडिओवर माझं गाणं लागलं. आणि डोक्यावर... दोन ठोके, एक घसटा. बायकोनं वर बघितलं. "कुणी राहायला आलं वाटतं," ती म्हणाली. गाणं पुढं सरकलं तशी पावलं खोलीतून बोळात गेली, बोळातून जिन्यात आली. एक एक पायरी खाली. आमच्या दारापाशी येऊन थांबली... आणि दाराची पत्रपेटी वाजली. खट.

मी दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. औषधी तेलाचा वास होता. पेटीची झाकणी अजून हलत होती. आत हात घालून चाचपलं. काही नव्हतं.

मग जेव्हा जेव्हा गाणं लागायचं, तेव्हा तेव्हा ते यायचे. आणि गाणं तर दिवसभर कुठं ना कुठं लागायचंच. घाबरलो, नाही असं नाही. पण खरं सांगू? भीतीपेक्षा लाज जास्त वाटायची. ते माझ्याकडं काही मागत नव्हते. शिव्याशाप नाहीत, काही नाही. आपलं काम करून परत जायचे. रोज काहीतरी टाकायचे त्या पेटीत, आणि मी रोज रिकामा हात बाहेर काढायचो.

मी कानाला खडा लावला. म्हटलं, उपाशी मरीन, पण कुणाच्या पावलांवर पुन्हा चाल बांधणार नाही.

आणि त्याच आठवड्यात छकुली खुर्ची सोडून उभी राहिली. मी पाठमोरा होतो, दाढी करत होतो. मागून ऐकलं, टप... टप टप. बायको म्हणाली, "अहो, बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं. ऐकलं होतं. आणि डोक्यात सूर लागला होता. नवा, कोवळा, कुणी म्हणजे कुणी न गायलेला. दुसरी ओळ यायच्या आत मी नळाखाली डोकं धरलं, कानात बोटं घातली, तोंडाला फेस तसाच, आणि घराबाहेर पळालो. बायकोच्या हातात लेक हसत होती. त्या घरी मी पुन्हा राहिलो नाही.

आता ती कॉलेजात जाते. चांगली धडधाकट आहे, धावते म्हणे. बागेत भेटतो आम्ही, गवतावर, आणि मी आधी जाऊन बसतो. "बाबा, मला फाटकापर्यंत सोडायला का येत नाही कधी?" असं विचारते. मी म्हणतो, गुडघे दुखतात. बायकोला वाटतं माझं बाहेर कुठंतरी काही होतं. वाटू दे. त्यापेक्षा ते बरं.

म्हणून हा सगळ्यात वरचा मजला. म्हणून सतरंज्या. तेव्हापासून एक चाल सुचलेली नाही मला. रोज कीबोर्डवरची धूळ पुसतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. तुम्हाला ठाऊक नाही ते कसं असतं. का ठाऊक आहे? ठाऊक असणार, म्हणून तर आलात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की चाली उरल्यात. जितकी माणसं तितक्या उरल्यात. घेणाऱ्याला लाज असली म्हणजे झालं.

काय झालं? उठताय? सावकाश. मुंग्या आल्या असतील पायाला, फार वेळ बसलात. जरा चोळा. कुठला... दोन्ही?

बसा बाई. बसा जरा.

एक सांगतो. सतरंजी मळली नव्हती. गेल्याच आठवड्यात धुतली होती. आणि बुटांचं सांगायचं राहिलं नव्हतं मला. फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, जिना असेल तर मला वेळ लागेल, माझं चालणं जरा वेगळं आहे. मी "हरकत नाही" म्हटलं. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठलो आणि सतरंजी गुंडाळली. म्हटलं, चारच तर पायऱ्या. चार पायऱ्यांनी कुणाचं काय जातंय? मग दाराला कान लावून उभा राहिलो; या जिन्यात खालचा श्वाससुद्धा वर ऐकू येतो. उजवी टाच ठासून, डावी अलगद, मग कठड्यावर हात, आणि एक उसासा... फार सुंदर आहे हो. कुणी वापरलेली नाही.

माझ्या बोटांकडं नका बघू. मघापासून टेबलावर वाजतायत, मला कळतंय, मला थांबवता येत नाहीत. शेवटची ओळ अजून लागलेली नाही. तेवढ्यात तुम्ही जा... बूट हातात घ्या, भिंत धरा, कशाही जा. कुठला पाय आधी टाकायचा, ते आठवतंय ना? बाई?

श्श... ऐका. खाली.

काका नाहीत हे. काकांची चाल मला पाठ आहे. उजवी टाच ठासून... डावी अलगद... कठडा... तुम्ही तर इथं बसलायत.

चौथ्या पायरीवर थांबलंय. आता पुढं सतरंजी आहे. आता काही ऐकू येणार नाही.