हरण्याचं आवतन

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल सोडून द्यावी, पण हसू मात्र नये. कारण ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मामा होता, आणि मामा जन्मात कधी खोटं बोलला नाही. पत्ते खेळताना सोडून.

मामाचं नाव नागनाथ. आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या पलीकडच्या एका गावात ढोरांचा दवाखाना होता, तिथं तो अटेंडर. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून तिथं नांदतात. तेव्हा तेलंगणा वेगळा झालेला नव्हता. दवाखान्याच्या पाटीवर आंध्र प्रदेश लिहिलेलं असायचं आणि डॉक्टर बदलून यायचा तो थेट समुद्राकडचा.

आमचं घर बौद्धांचं. भूतखेत, अंगात येणं, उतारे, असलं काही आमच्याकडं मानत नाहीत. मामा तर मुळीच नाही.

"मेलेलं उठून आलं असतं तर आमच्या दवाखान्यात पाय ठेवाले जागा उरली नसती," असं तो म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा.

एका पोळ्यानंतर त्याने तसं म्हणणं सोडलं.

मामाचं काम जनावर पाडायचं आणि धरायचं. पाडायचं म्हणजे ढकलून नव्हे. बैलाच्या मानेभोवती, छातीभोवती, पोटाभोवती चऱ्हाटाचे वेढे घालायचे आणि मागून सावकाश ओढायचं, म्हणजे बैल आपोआप गुडघे टेकतो. मग पाय बांधायचे, मानेखाली कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं द्यायचं, डोळ्यांवर फडकं टाकायचं. आणि सगळ्यात मोठं काम डोकं धरायचं. तोंड उतरतीला ठेवायचं, म्हणजे लाळ बाहेर गळते, श्वासनळीत जात नाही. डॉक्टर कापतो तोवर जनावर मामाच्या मांडीशी पडलेलं असायचं आणि मामा त्याच्या कानाशी बोलत राहायचा.

त्याचा नेम एकच. डोकं धरलं की सोडायचं नाही. आणि मालकाच्या हातात तर कधीच द्यायचं नाही.

"मालक रडते, हात ढिला पडते, अन् जनावर झटका देते," तो सांगायचा.

वामनराव आणि द्वारकाबाई हे गावातलंच जोडपं. पोरबाळ नव्हतं. त्यांच्या गाईनं एका गोऱ्ह्याला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी गाय गेली. द्वारकाबाईनं त्या गोऱ्ह्याला बोटं चोखायला देऊन, वाटीवाटीनं दूध पाजून वाढवलं. त्याचं नाव हरण्या. बैल झाला तरी वामनरावांच्या हाकेला ढिम्म हलायचा नाही, पण बाईची चाहूल लागली की दाव्याला हिसके द्यायचा. गाव त्यांना हसायचं. बाई म्हणायची, "हसा. माहा लेकच हाय तो."

त्या हरण्याचं शिंग बिघडलं. आधी एका बाजूला लोंबलं, मग मुळातून घाण वाहू लागली. डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, शिंगाचा कॅन्सर आहे, मुळापासून काढलं तर बैल वाचेल. आदिलाबादहून मोठे डॉक्टर यायचे होते, त्यांना नेमका पोळ्याचा दुसरा दिवस जमणार होता. म्हणजे पोळ्याच्या दिवशी हरण्याला चारा बंद, पाणी बंद.

पोळ्याच्या सकाळी मामा स्वतः घरी जाऊन सांगून आला. "द्वारकाबाई, उपाशी ठेवजा. पोटात असलं तर वर येते अन् घुसमटते."

"हाव भाऊ," बाई म्हणाली.

आता आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतात, ठाऊकच आहे. बैलाच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, वर्षभराचं जू उतरवायचं, आणि त्याच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाईनं ते आधीच म्हटलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी हरण्याला दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली आणलं. मोठ्या डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "कल से कुछ खिलाया तो नहीं?" वामनराव म्हणाले, "नाही साहेब." त्यांना खरंच तेवढंच माहीत होतं. बाई हरण्याच्या गळ्याखाली खाजवत राहिली.

हरण्याला पाडलं. मामानं डोकं धरलं. तेवढ्यात द्वारकाबाई पुढं आली. तिच्या तळहातांवर खांदे चोळल्याची हळद अजून तशीच पिवळी होती.

"भाऊ, मी धरते जी डोकं. माह्या हातानं तो भेत नाई."

"बाई, बाजूले व्हा."

"एवढं धरू द्या ना जी."

मामानं कोपरानं तिचे हात सारले. वामनरावांनी तिला कुंपणाशी नेऊन उभं केलं.

शिंग निम्मं कापून झालं असेल. हरण्याच्या गळ्यात आतून गुडगुडलं. मामानं तोंड अजून खाली दाबलं, जबड्यात हात घातला, जे येईल ते ओढून काढू लागला. डॉक्टरही चाकू टाकून मदतीला लागले. बराच वेळ झटापट झाली. मग हरण्याचे पाय ताणले आणि सैल पडले.

मामानं मूठ बाहेर काढली, उघडली. मुठीत चारा नव्हता.

पुरण होतं. पुरणपोळीचे अख्खे तुकडे होते, पिवळेधमक.

सगळ्यांनी पाहिलं. बाईनंही पाहिलं.

"आवतन देल्लं होतं जी मी त्याले," ती एवढंच म्हणाली. "आवतन देऊन उपाशी कसा ठेवू?"

वामनराव सगळ्यांच्या देखत ओरडले, "तूच मारला त्याले! तुह्या हातानं मारला!"

मामा म्हणायचा, बैल मेल्याचं दुःख होतंच. पण त्या बाईकडं पाहवत नव्हतं. ती रडली नाही. ती आपल्या हातांकडं बघत उभी राहिली.

त्यानंतर तिनं अन्न जवळजवळ टाकलंच. लोकांनी समजावलं, वामनरावांनीही पाया पडून विनवलं, पण तोंडातून निघालेला शब्द काही परत घेता येत नाही. संक्रांतीच्या आत द्वारकाबाई गेली. मामा मातीला गेला होता. घरी येऊन मामीला म्हणाला, "चंद्रभागे, डोकं तेवढं धरू द्याले पायजे होतं वं तिले. मराचंच होतं त्याले, तर तिच्या हातात मेला असता."

मामी म्हणाली, "तुमाले काय ठाव होतं?"

"तरी बी," मामा म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात ते सुरू झालं...

भर दुपार. माणिकराव म्हणून शेजारच्या गावचे शेतकरी, त्यांची म्हशीची वगार आणली होती, बेंबीला हर्निया झालेली. मामानं पाडली, डोकं धरलं. डॉक्टरनं सुईत औषध भरलं.

आणि मामाला वास आला...

गुळाचा. वेलदोड्याचा. शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा.

वैशाखात, सणवार नसताना पुरण कोण घालतं? दवाखान्याच्या आसपास घरही नव्हतं. मामानं इकडंतिकडं पाहिलं. वास वाढत गेला, इतका की कोणी ताट नाकाशी धरावं. वगारीचे डोळे बांधलेले होते, पण तिचा कान हळूच वळला... जिथं कोणीच उभं नव्हतं, तिकडं.

"माणिकराव, काही खाऊ घातलं काय हिले?"

"नाई बा. पोराची आन."

"खरं सांगा!"

मामाचा आवाज असा चढला की माणिकराव दचकले. मग हळूच म्हणाले, सकाळी घमेलंभर सरकी घातली, उपाशी जनावर हंबरत होतं, पाहवेना.

डॉक्टर चिडला, पण वगार सोडून दिली. वास त्याच क्षणी गेला. दोन दिवसांनी उपाशीपोटी आणली तेव्हा वासबिस काही नव्हता, आणि वगार चालत घरी गेली.

त्यानंतर असं किती वेळा झालं, मामानं मोजलं नाही. कोणी लपवून खाऊ घातलं की वास यायचा. डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांना वाटायचं, या अटेंडरला जनावराचं पोट बघून कळतं. मामा कोणाला काही बोलला नाही. फक्त मामीला सांगायचा, तेही हळू आवाजात, कारण भूत मानत नाही म्हणून गावभर मिरवलेला माणूस, आता कोणत्या तोंडानं सांगणार? मला हे मामीकडूनच कळलं.

पण एकदा मात्र तो खरंच हादरला.

वांकिडीकडचा एक गोरा बैल होता, त्याचंही शिंगच काढायचं होतं. उपाशी होता. मामानं खात्री करून घेतली होती. तरी वास आला... मंद, अगदी जवळून. बैल भ्यायला होता, अंग थरथरत होतं. मामा डोकं धरून बसला होता.

आणि त्याच्या हातांवर... दुसरे हात आले.

दिसलं काहीच नाही. पण मऊ, तुपानं ओशट झालेले, बारीक हाडांचे दोन हात. ते मामाच्या बोटांखाली शिरू पाहत होते. ढकलत नव्हते. जागा मागत होते.

पण मामानं पकड सोडली नाही. भीतीनं म्हणा, नेमानं म्हणा. हात थोडा वेळ तसेच राहिले, मग निघून गेले.

त्या दिवशी मामा घरी येऊन जेवला नाही. मामीनं काऊन म्हणून विचारलं, तर म्हातारा झालेला हा माणूस पोरासारखा रडला. "दुसऱ्यांदा बाजूले केलं वं मी तिले," म्हणाला.

नंतर वास येतच राहिला, पण हात परत कधी आले नाहीत. मामा रिटायर झाला. दवाखान्याची जुनी इमारत पाडली, कडुनिंब गेला. वामनरावही गेले. आम्हाला वाटलं, संपलं.

मग मामाच्या पोटात गाठ निघाली. आदिलाबादच्या एका दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर चांगला होता, त्यानं काही लपवलं नाही. गाठ मोठी आहे, वय झालंय, हृदय कमजोर आहे, पण काढल्याशिवाय इलाज नाही. सकाळी ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारपासून अन्न बंद.

दिवेलागणीची वेळ होती. मामी उशाशी, मी खिडकीपाशी. बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मामा भिंतीकडं तोंड करून पडला होता. बाकी कशाला नाही, पण भुलीची सुंगणी देऊन पाडतील आणि आपलं डोकं कोण धरेल, या एका गोष्टीला तो घाबरला होता. दिवसभर नर्सला तेच विचारत होता. ती तेलुगूत हसून काहीतरी बोलायची आणि जायची.

"मेजावर अनोळखी हातात नाई मराचं मले," तो मामीला म्हणाला.

आणि मग... मला वास आला.

मी आधी म्हटलं, कोणाचा डबा असेल. पण वॉर्डात दुसरा पेशंट नव्हता. मामीनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही आला होता. गूळ, वेलदोडा, डाळ.

मामा सावकाश उताणा झाला. पायथ्याशी पाहू लागला, जिथं रिकामी भिंत होती.

"नाई द्वारकाबाई," तो म्हणाला. आवाज एकदम साधा, दारात आलेल्या शेजारणीशी बोलावं तसा. "काईच खाल्लं नाई. उपाशीच हाओ. खरंच."

वास तसाच राहिला.

मग मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, "बाई... उद्या माहं डोकं तुमी धरसान काय?"

उत्तर आलं असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही. पण मामानं मान हलवली, कूस बदलली, आणि आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा शांत झोपला.

सकाळी त्याला आत नेलं. तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली होती, टाके घालत होतो, आणि हृदय थांबलं. म्हणाले, त्रास झाला नाही, चेहरा अगदी निवांत होता. मग जरा अडखळून विचारलं, "आप लोगों ने कुछ लगाया था क्या उनको?"

आम्हाला कळलं नाही. मामीनं तोंडावरची चादर बाजूला केली.

मामाचं डोकं एका कुशीला, थोडं उतरतीला वळलेलं होतं. तो जनावराचं ठेवायचा तसंच. आणि दोन्ही कानशिलांवर, केसांपासून हनुवटीपर्यंत...

तूप-हळदीचे पिवळे हात उमटलेले होते. बारीक हाडांचे. घट्ट धरलेले.

मी पुसायला रुमाल काढला. मामीनं माझं मनगट पकडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "लई वर्षांनी धरू देल्लं त्यानं."

तसंच नेलं आम्ही त्याला.

याचा अर्थ मला लागलेला नाही. ती त्याला न्यायला आली होती, की फक्त सोबतीला, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी अजूनही भूतखेत मानत नाही, असंच लोकांना सांगतो. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत कोणी बैलाच्या कानात "उद्या जेवाले या" म्हणालं, की मी घरात जातो आणि दार लावून घेतो. माझंही आता वय होत आलंय, आणि वास आला तर काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.