कुलूप जेवायला गेलं होतं

शलाका टिपणीस यांनी प्रयोगशाळेतल्या खुर्चीला बसण्याआधीच नावं ठेवली. दंतवैद्याकडची वाटते, म्हणाल्या. उभा जन्म सिनेमांची परीक्षणं लिहिण्यात गेलेल्या बाईंकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. इरफान तांबोळी नुसता हसला आणि त्यांच्या कपाळाभोवती संवेदकांचा पट्टा बांधू लागला. हे यंत्र त्याने स्वतः घडवलं होतं आणि त्याला ‘पटप्रवेश’ असं साधं, सरळ नाव दिलं होतं. जुना सिनेमा आता बघायचा नाही, त्याच्या आत जायचं.

पहिल्या जाहीर प्रयोगासाठी निवडला होता ‘बर्फखाना’. शलाकाबाई नुकत्याच लिहायला लागल्या होत्या तेव्हाचा हा खूनपट. बंदराजवळच्या, रात्रीपुरत्या बंद झालेल्या बर्फाच्या कारखान्यात सहलीला आलेली पाच तरुण मुलं अडकतात आणि डोक्यावर गोणपाट ओढलेला एक माणूस हातात बर्फ फोडायचा टोचा घेऊन त्यांना एकेक करून टिपतो. प्रेक्षक त्याला लादीवाला म्हणत. त्या सिनेमावर बाईंनी लिहिलेला लेख सिनेमापेक्षा जास्त गाजला होता.

“नियम काय आहेत ते नीट सांग. मला पेसमेकर आहे,” बाई म्हणाल्या.

“यंत्राला आपलं जग ठाऊक नाही, मॅडम. त्याला फक्त हा सिनेमा ठाऊक आहे. त्यात जे पुन्हा पुन्हा घडतं तो तिथला निसर्गनियम. जे एकदाच घडतं ते तेवढ्या जागी, तेवढ्यापुरतं खरं.”

“म्हणजे दिग्दर्शकाचा मूर्खपणासुद्धा निसर्गनियम?”

“वारंवार केला असेल तर, हो.”

“आणि बाहेर कसं यायचं?”

“कुठलंही बाहेरचं दार उघडून. मनाला परत यायला तिथलीच वाट लागते. मी मध्येच यंत्र बंद केलं तर किती मन परत येईल, सांगता येत नाही. आणि तिथे कुणाच्या हाती सापडू नका. टोचा खोटा असला तरी तुमच्या हृदयाला तो खरा वाटेल. आमच्यातले सगळे मात्र आरामात दार उघडून बाहेर आलेत.”

“मीही येईन. त्या सिनेमाला तेव्हा कुणी घाबरलं नाही,” असं म्हणून बाईंनी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा नाकात अमोनियाचा वास होता. भुशात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या, वर गोणपाटं, मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी. समोरून इंदू आली. सिनेमाची नायिका, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. “मावशी, तुम्ही इथे बसा, पायाखाली ओलं आहे,” ती म्हणाली. पटविश्वाने बाईंना कुणाची तरी मावशी करून टाकलं होतं.

बाई मनातल्या मनात परीक्षण लिहू लागल्या. जमेची बाजू म्हणजे पाण्याची टपटप. पार्श्वसंगीत नाही, फक्त कुठेतरी वितळणारा बर्फ, आणि तो आवाज पडद्यावर होता त्यापेक्षा इथे दसपट वाईट. उणी बाजू, पोरं उगाच वेगवेगळ्या दिशांना पांगतात. त्या हे जुळवत असतानाच टाकीपलीकडे एक मुलगा ओरडला आणि ओरडणं अर्ध्यावर थांबलं. लादीवाला भुशातून सावकाश चालत आला. धावणाऱ्या मुलीच्या आधी तो जिन्यापाशी पोचला कसा, यावर बाईंनी एकेकाळी अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. आता तो पोचताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. अंतर खरंच आटलं, ओल्या कपड्यासारखं.

शलाकाबाई घाबरल्या. खोटं कशाला बोला, सगळं परीक्षण विसरल्या. त्या मोठ्या फाटकाकडे धावल्या. फाटक हलेना. खिडकीचं दार हलेना.

“इरफान! दारं उघडत नाहीत!”

“हे शक्य नाही.” त्याचा आवाज कानातच आला. “आम्ही सगळे याच फाटकातून आलो.”

“तुम्ही घाबरला होतात?”

“नाही. आम्ही हसत होतो.”

“मग झालं! पूर्वार्धात ही पोरं टिवल्याबावल्या करत सगळी दारं ढकलून उघडतात. खून सुरू झाले की घाबरलेल्या कुणालाही एकही दार उघडत नाही. मी लिहिलं होतं ना, या सिनेमातली दारं माणूस बघून उघडतात. दहा वेळा घडलंय ते. तुझा निसर्गनियम झाला! माझ्या लेखात तुम्ही ही चूक वाचली होतीत, मग काढून का नाही टाकली?”

“ती काढली तर सिनेमाच उरत नाही, मॅडम.”

हे उत्तर बरोबर होतं, म्हणून बाईंना त्याचा जास्त राग आला. मागे टपटप आणि भुशातली पावलं. मग त्यांना आठवलं. मागचं दार! त्या दाराला सिनेमात मोठं कुलूप दिसतं, पुढच्याच दृश्यात ते नसतं, आणि नंतर पुन्हा असतं. चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी ते लावायला विसरलं होतं. ‘मधल्या वेळात कुलूप बहुधा जेवायला गेलं होतं’ हे बाईंचं वाक्य लोक अजून ऐकवत. एकदाच घडलेली चूक, पण त्या जागी खरी. दार तेवढा वेळ नुसतं लोटलेलं असणार, भीतीबीती काही असो.

त्या लाद्यांमधून वाकत मागच्या दाराशी गेल्या. नेमकं तेच दृश्य चालू होतं, दिवा तसाच लुकलुकत होता.

दाराला कुलूप होतं.

“इरफान, कुलूप आहे इथे. असायला नको.”

“मॅडम...” तो एवढंच म्हणाला, आणि बाईंना पुढचं कळलं.

“दुरुस्त केलंत.”

“तुमचा लेख समोर ठेवूनच प्रत साफ केली. तुमचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो. लादीवाल्याच्या पायातले नवे कोरे बूट काढले, गोणपाटावरचा शिक्का पुसला. तुम्ही ज्याला हसला होतात असं आत काहीच ठेवलं नाही.”

बाई कुलपाला टेकून खाली बसल्या. “बरं, सकाळपर्यंत लपते. शेवटी कोळी बर्फ न्यायला येतात, फाटक बाहेरून उघडतं, इंदू वाचते.”

कानात कागद उलटल्याचा आवाज आला.

“तुम्ही लिहिलं होतंत,” इरफान रडवेल्या आवाजात म्हणाला, “की हा शेवट पळपुटा आहे. खऱ्या खूनपटात इंदूनेही वाचायला नको. पहाट आम्ही कापली, मॅडम.”

शलाकाबाईंना रडू आलं. स्वतःच्या हाताने एकेक फट बुजवत आणली होती आणि आता आत त्याच होत्या. लेखात तेव्हा ते वाक्य किती झोकदार वाटलं होतं.

“मावशी!” कुणीतरी दंडाला धरून ओढलं. इंदू. तिने त्यांना भुशाच्या खोलीत नेलं आणि दाराला पोती लावली. दोघी भुशात दडून बसल्या. इंदूची मैत्रीण पडद्यावरच्यापेक्षा लवकर मारली गेली होती; तिच्या जागी आता मावशी होती. इंदूने ओढणीच्या गाठीतून भाजलेले शेंगदाणे काढले. “खा. पोटात काही नसलं की जास्त भीती वाटते.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हे दृश्य! इंदू आणि तिची मैत्रीण इथे शेंगदाणे खातात आणि नको त्या वेळी कशावरून तरी फिदीफिदी हसत सुटतात. या खोलीचं बाहेरचं छोटं दार वाऱ्याने उघडतं, पण हसण्याच्या नादात दोघींना ते दिसतच नाही. सबंध लेखात बाईंनी मनापासून कौतुक केलेली ही एकच जागा. ‘इथे माणसं आहेत,’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून त्या जागेला कुणी हात लावला नव्हता.

पण हसायचं कसं? बाहेर पावलं जवळ येत होती. भिऊ नको म्हणून कुणी भ्यायचं थांबतं का?

“मावशी, ते मागचं कुलूप तुटेल का हो?” इंदूने विचारलं.

“नाही तुटणार,” बाई सवयीने फणकारल्या. “पूर्वी तुटायची गरजच नव्हती. ते जेवायला गेलं होतं.”

इंदूने घास थांबवला. “कोण?”

“कुलूप.”

“कुलूप जेवायला?” इंदू बघतच राहिली. “एकटंच? की किल्लीला घेऊन?”

इतक्या वर्षांत त्या वाक्यावर सभागृहं हसली होती, पण असं पुढे कुणी विचारलं नव्हतं. बाईंना फस्सकन हसू आलं. इंदू ओढणी तोंडात कोंबून हसू लागली, तिला ठसका लागला, बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच भुशात कलंडल्या. किल्लीचा उपास असेल, त्या म्हणाल्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गालाला खारा, उबदार वारा लागला. छोटं दार उघडं होतं.

“इंदू, ऊठ, चल!” बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

“तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” हसू आवरत इंदू म्हणाली, आणि उठली.

बाईंनी उंबरठा ओलांडला.

खुर्चीत त्या उठून बसल्या तेव्हा खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. इरफान रडत होता, दोन डॉक्टर नाडी बघत होते. बाईंची उजवी मूठ अजून आवळलेली होती. त्यांनी ती उघडली. आत काही नव्हतं.

“ती माझ्यामागून येत होती,” त्या म्हणाल्या.

“तिला बाहेर नाही, मॅडम. सिनेमाबाहेरचं इंदूचं काही आपल्याकडे नाहीच.”

“तिथे आत्ता काय चाललंय?”

इरफानने पडद्याकडे पाहिलं नाही. “पुढचं दृश्य.”

“थांबव.”

“थांबवलं तर ती त्या दारातच राहील. तशीच.”

“राहू दे. हसत तरी होती.” बाईंनी पट्टा स्वतःच उपटून काढला. “आणि आता मी सांगते तसं कर. माझं नवं परीक्षण समज. आधी पहाट परत जोड. कोळ्यांना बोलाव. बूट, शिक्का, सगळं होतं तसं.”

“आणि मागचं दार?”

शलाका टिपणीस यांनी डोळे पुसले.

“ते कुलूप,” त्या म्हणाल्या, “पुन्हा जेवायला पाठव.”