फळ्यावरचा आखूड पाना

"मामा, हा पाना नवा आहे. जुना कुठे गेला?"

"सकाळी सकाळी कुरतडायला लागलीस?" चहाचा कप सावरत मामा पुढे सटकलासुद्धा. उगाच नाही सगळे तिला 'खार' म्हणत.

हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा मोठा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच मापाची पांढरी सावली रंगवलेली. मिस्त्रीबाबा इथले मुख्य कारागीर, आणि त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: एकही सावली रिकामी असेल, तर विमान दाराबाहेर जाणार नाही. हरवलेलं हत्यार विमानाच्या पोटात राहिलं असलं तर?

आज फळा भरलेला होता. पण शेवटचा पाना लखलखीत होता, आणि त्याची सावली खाली दोन बोटं उघडीच पडली होती.

विमान महायुद्धातलं. तळ्याच्या गाळातून तुकड्यातुकड्यांनी वर काढलेलं, सहा वर्षं खपून जोडलेलं. आज अकरा वाजता ते जोडल्यानंतर पहिल्यांदाच उडणार होतं. आणि उडवणार होती खारची आई.

खार आईकडे धावली. आई नकाशात बुडालेली. "राणी, मिस्त्रीबाबांना सांग."

मिस्त्रीबाबा कागदांवर सह्या करत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "फळा भरलाय ना? मग झालं तर."

"अहो, पण तो पाना आखूड..."

"मोठ्यांच्या कामात लुडबुड नको, बाळ."

बाळ! तेरा वर्षांच्या मुलीला! खारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन तिने रिकाम्या डब्याला लाथ मारली. अंगठा ठणकला, तो वेगळाच.

"पालथ्या घड्यावर पाणी," धाकटा भाऊ गुंड्या म्हणाला. "आपलं कोण ऐकतंय?"

मामाची मुलगी काडी नखं खात होती. "पाना माझ्या बाबांनीच बदलला असणार. परवा ते शेपटात काम करत होते. नंतर दोनदा बाजारात गेले."

घड्याळात साडेनऊ.

"आपलं नाही ऐकत," खार एकदम म्हणाली, "पण फळ्याचं ऐकतात ना?"

दहा वाजता मिस्त्रीबाबा शेवटची मोजणी करायला आले आणि थबकले. शेवटचा खिळा रिकामा होता.

"पाना कुठाय?"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "असेल इथंच. मी पटकन दुसरा आणतो."

"दुसरा?" मिस्त्रीबाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे याआधीही एक आणला होतास? पोरगी म्हणत होती तो आखूड?"

मामाने मान खाली घातली.

"विमान कुठेही जाणार नाही. झाकणं उघडा."

तासभर शोधाशोध चालली. पंखांत काही नाही, चाकांपाशी काही नाही, शेपटात मामाचा हात पोचला तिथवरही काही नाही. अकरा वाजून गेले. मोठी माणसं चरफडत होती. खारला वाटलं, आपलीच चूक निघाली तर?

"शेपटाचं टोक राहिलं," काडी म्हणाली. "मी मावेन त्यात." आणि विजेरी तोंडात धरून ती झाकणातून आत शिरलीसुद्धा.

थोड्या वेळाने आतून घुमलेला आवाज आला. "सापडला. तारेच्या पुलीला चिकटून बसलाय."

त्याच तारेने शेपटाची पट्टी वरखाली होते. हवेत ती अडकली असती, तर विमान नाकावर खाली आलं असतं. आईने खारचा हात घट्ट धरला.

मिस्त्रीबाबांनी जुना पाना फळ्यावर टांगला. सावली पूर्ण झाकली गेली. "मग नवा कुठे गेला?"

खारने मुकाट्याने पायमोज्यातून तो काढला. "फळा भरलेला असता, तर तुम्ही शोधलंच नसतं."

"चोर ती चोर," मामा पुटपुटला, "आणि माझ्या बहिणीचा जीव वाचवला." डोळे पुसायला त्याने हातातला कळकट बोळा घेतला आणि गालभर ग्रीस फासून घेतलं. हसू कुणालाच आवरलं नाही, काडीलाही.

मिस्त्रीबाबा मात्र हसले नाहीत. "चाळीस वर्षं मी फळा मोजत आलो," ते म्हणाले. "पोरी, तू पाना पाहिलास." आणि मोजणीची वही त्यांनी तिच्या हातात ठेवली.

दुपारी आई विमानात चढली. पट्टे आवळून तिने खाली पाहिलं. "काय मिस्त्रीबाई, फळा भरला?"

"थांब," खार म्हणाली. ती आत गेली, एकेका हत्याराला हात लावून आली, आणि मगच तिने अंगठा वर केला.