हेमाडे साहेबांची मंजुरी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एकाच कंपनीच्या तीन आवृत्त्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. पहिलीत सगळे रोज कचेरीत, दुसरीत आठवड्यातून तीन दिवस, तिसरीत सगळे घरीच. तिन्हींत तीच तीनशे माणसं, म्हणजे त्यांची प्रतिरूपं. गणपतीच्या आधी प्रत्येकाच्या कामाची, बोलण्याची, आळसाचीसुद्धा नोंद घेऊन ती घडवली होती. गणपतीनंतरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. बाकी सगळं हुबेहूब.

जिंकेल ती पद्धत कंपनीत लागू होणार होती आणि आसावरी वायंगणकरला तिसरी जिंकायला हवी होती. मालवणात तिचे आप्पा एकटे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना नीट दिसत नव्हतं. वडिलांना शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकल्याबद्दल तिचं मन तिला सारखं खात होतं.

"मॅडम, तिसरी जिंकली! काम दीडपट," तिचा सहकारी डॉ. नौशाद मुजावर म्हणाला.

आसावरीचा जीव भांड्यात पडला. पण ती हाडाची शास्त्रज्ञ. कारण शोधल्याशिवाय तिला राहवेना. तिने तिसऱ्या आवृत्तीतल्या घरांत डोकावून पाहिलं.

"नौशाद, हे कामच करत नाहीयेत रे! प्रत्येकाने स्वतःचं प्रतिरूप बनवून कामाला बसवलंय. पहिली मीच! आणि माझी स्वारी आप्पांबरोबर बंदरावर."

"बरोबरच आहे. ते तंत्र त्यांच्याही हाताशी आहे. कचेरीत रिकामी खुर्ची दिसते, घरी कोण बघतंय? उद्या आपणही तेच करू."

"साहेबांना सांगायला हवं."

"मग मालवण विसरा."

तरी तिने फोन लावलाच. संचालक हेमाडे दिवाळीपासून पाचगणीच्या बंगल्यातून कारभार बघत. घरून काम करणारे कंपनीत ते एकटेच. साहेब पडद्यावर आले आणि तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "काम होतंय ना? मग बसेना का कोणीही. घरून काम मंजूर. आणि हो, आप्पांच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळव. भेटायला येईन."

आसावरीने पडद्याकडे निरखून पाहिलं. ऑपरेशन दसऱ्याला इथेच झालं होतं. साहेब स्वतः शहाळी घेऊन दवाखान्यात आले होते, आप्पांशी तासभर गप्पा मारत बसले होते. पडद्यावरच्या साहेबांना मात्र गणपतीनंतरचं काहीच ठाऊक नव्हतं.

तिला आधी वाईट वाटलं, मग हसू फुटलं.

"कळवते, साहेब," ती म्हणाली. मग तिने आपलं प्रतिरूप साहेबांसमोर बसवलं आणि मालवणच्या गाडीचं तिकीट काढलं.